वेसाव्याच्या पाण्यातला दिवा

गेटवेहून सुटलेली ही लाँच घारापुरीकडे निघाली आहे. समुद्रतळावरून टाकलेल्या साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलमधून २०१८ साली या बेटावर वीज पोहोचली. बेट जागचे हलत नाही, म्हणून त्याला केबल पुरते. पाण्याखाली फिरून पाहणी करणाऱ्या स्वयंचलित पाणबुडीला मात्र केबलने बांधून ठेवता येत नाही. पवईला आयआयटीचे विद्यार्थी 'मत्स्य' या नावाने अशा पाणबुड्या अनेक वर्षे घडवत आले आहेत. अशा यंत्राची बॅटरी उतरली, की ते पाण्याबाहेर उचलायचे, कोरडे करायचे आणि मगच चार्जर जोडायचा, असा हा खटाटोप असतो. पाण्यातच जोडता येणारे कनेक्टर मिळतात. पण ते महाग असतात आणि आपल्या खाडीतला गाळ त्यांच्या पिनांना सोसत नाही.

ही शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा आहे. पाणबुडी पाण्यातच, तार न जोडता चार्ज करता यावी म्हणून इथे दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, घडवली जात आहेत: एक वीज पाठवणारी, दुसरी ती घेणारी. ही विद्यार्थिनी गुंडाळत असलेली तार वरून एकच दिसत असली, तरी तिच्या पिळात केसासारख्या बारीक अशा शेकडो तारा आहेत आणि प्रत्येकीवर विद्युतरोधक लेप स्वतंत्रपणे दिलेला आहे. झपाट्याने दिशा बदलणारा प्रवाह जाड तारेच्या केवळ पृष्ठभागालगत वाहतो व आतले तांबे वाया जाते, म्हणून ते असे विभागून घ्यावे लागते. हिला लिट्झ तार म्हणतात. कॉइलमागची काळी चकती फेराइट या चुंबकीय पदार्थाची असून ती चुंबकीय क्षेत्राला मागे पसरू न देता समोर वळवते. त्यानंतर कॉइलवर इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारी राळ, ओतली जाते. साचा बोटाने हलकेच ठोकत हे दोघे इतका वेळ बसले आहेत, कारण आत हवेचा एखादा बुडबुडा जरी राहिला, तरी खोल पाण्याच्या दाबाखाली नेमका तिथेच तडा जाण्याची भीती असते.

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी एका लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातला प्रवाह चालू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटतो, हे दाखवून दिले. चाचणीच्या या टाकीत दोन कॉइलमध्ये त्या लोखंडाच्या जागी समुद्राचे पाणी आहे. चुंबकीय क्षेत्राला पाणी जवळजवळ हवेसारखेच असते. अडचण असते ती मिठाची. एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले हे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि पाठवलेल्या ऊर्जेतला काही भाग पाणी तापवण्यात खर्ची पडतो. प्रवाहाची आवर्तने, म्हणजे दर सेकंदाला त्याचे उलटसुलट होणे, वाढवावीत तसा हा तोटाही वाढतो. सेकंदाला एक लाख आवर्तने असतील, तर खाऱ्या पाण्यात क्षेत्र शिरण्याची खोली साधारण ८० सेंटिमीटर असते. दहा लाख असतील, तर ती २५ सेंटिमीटरवर येते. म्हणून आवर्तने बेताची ठेवायची आणि दोन कॉइलमधले अंतर थोडेच राखायचे, असा हा हिशेब आहे.

नळाच्या पाण्यात मीठ ढवळूनही ही चाचणी घेता आली असती, आणि काही ठिकाणी तसेच करतात. इथे मात्र वेसाव्याच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणले गेले, कारण यंत्राला ज्या पाण्यात राहायचे आहे, त्याच पाण्यात ते तपासले पाहिजे, असा या मुलांचा आग्रह होता. तो आम्हाला पूर्णपणे पटला.

दोन्ही कॉइल समोरासमोर येतात आणि या गढूळ पाण्यात, मध्ये एकही तार नसताना, दिवा लागतो. वरची कॉइल हाताने जराशी बाजूला सरकवली, की तो मंदावतो. पुन्हा जागेवर आणली, की उजळतो. समुद्रात हे सरकवण्याचे काम लाटा करतील, त्यामुळे पाणबुडीला नेमक्या जागी धरून ठेवणारा खोबणीचा तळ लागेल. तो जमला, तर खाडीच्या पाण्याची मोजमापे करणारी यंत्रे पुन्हा पुन्हा वर न काढता महिनोन् महिने पाण्यातच ठेवता येतील.

या धक्क्यावर पाण्याची पातळी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरांच्याही वर जाते. पुढची चाचणी इथे, या तिसऱ्या पायरीखाली होणार आहे.