सहा पानांची शाळा (माहितीपटाचं निवेदन)

बाकांवर बसलेत ते विद्यार्थी नाहीत, प्रशिक्षणाला आलेले मुख्याध्यापक आहेत. मागचं बाक मात्र सगळ्यात आधी भरलंय.

प्रत्येकासमोर सहा पानं. एका शाळेची गोष्ट, नावं बदललेली. गणिताचे ज्येष्ठ शिक्षक, पालकांचे लाडके, निकाल उत्तम. पण सहामाहीनंतर त्यांच्या तुकडीतली कच्ची मुलं हळूच दुसऱ्या तुकडीत सरकवली जातात. एका नव्या शिक्षिकेनं हे लेखी कळवलंय. पत्र टेबलावर आहे. उद्या सकाळी पालकसभा.

गोष्ट इथंच थांबते. हा हात बघा, पुढं काय झालं म्हणून पान उलटतोय. मागची बाजू कोरी.

केस स्टडीनं, म्हणजे एखादा खरा पेच समोर ठेवून, शिकवायची ही रीत मुळात शाळांमधली नव्हे. १८७० मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयात लँगडेल अधिष्ठाता झाले. नियम पाठ करून घेण्याऐवजी ते विद्यार्थ्यांना न्यायालयाचे निकालच वाचायला लावत आणि प्रश्न विचारत. पुढं हार्वर्डच्याच व्यवस्थापन विद्यालयानं कंपन्यांचे पेच लिहून काढायला घेतले. १९२१ मधली पहिली केस होती बूट बनवणाऱ्या कंपनीची. शाळाप्रमुखांच्या वाट्याला हे बरंच उशिरा आलं. तोवर त्यांना मिळत होती ती भाषणं आणि परिपत्रकं.

केस लिहिणं सोपं नाही. शिक्षक, पालक, शिपाई, सगळ्यांशी बोलावं लागतं. आणि एक पथ्य कडक: कोण चुकलं, हे एका विशेषणानंही सुचवायचं नाही.

आता फळा. दोन रकाने. ‘आपल्याला काय माहीत आहे?’ आणि ‘आपण काय धरून चाललोय?’ पहिल्यात चार ओळी. दुसरा खालपर्यंत भरला. या मुख्याध्यापिका बाई उठतात, पहिल्या रकान्यातलं ‘सर दोषी’ पुसतात आणि दुसऱ्यात लिहितात. प्रशिक्षक गप्प. त्यांच्याकडं उत्तर नाहीच, फक्त पुढचा प्रश्न आहे: उद्या पहिलं वाक्य कुणाशी बोलाल, आणि काय?

दोघं समोर येतात. एक होतात केसमधले मुख्याध्यापक, दुसरे गणिताचे सर.

(इथं निवेदन नाही. संवाद आणि चेहरे.)

परतल्यावर काहींनी शिक्षकसभाच अशा चालवायला घेतल्या. पुढच्या सत्राची केस या बाईंनी आणली आहे, स्वतःच्या शाळेची.