मेल अडकलाय कुठे?

(कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘मोबाइलवरील ईमेलच्या अडचणी व उपाय’. उपाय सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या, कारण ती पटली नाही तर उपाय वाया जातील.

टेलिफोन खात्यात माझी 31 वर्षं फॉल्ट शोधण्यात गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो काळा, डायल फिरवायचा फोन असणार. तो बंद पडला की ग्राहकाची तक्रार ठरलेली, ‘यंत्र बिघडलंय, बदलून द्या.’ यंत्र क्वचितच बिघडलेलं असायचं. एक्स्चेंजमधून केबल निघते, मग कॅबिनेट, पिलर, मग डीपी, म्हणजे घराजवळची शेवटची जोडणीची पेटी, आणि तिथून तुमच्या घरात वायर. पहिला पाऊस झाला की केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरायचं आणि अख्ख्या वाड्याचे फोन मुके व्हायचे. आम्ही टप्पे तपासायचो. डीपीवर टोन येतोय? मग बिघाड घराच्या बाजूला. येत नाही? मग मागे चला. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर. ईमेलचंही अगदी हेच आहे. मेल कुठल्या टप्प्यावर अडकलाय ते कळेपर्यंत फोनमधलं काही पुसू नका. हे मी पोटतिडकीनं सांगतोय, आणि त्याला कारण आहे.

आमच्या शेजारी माई राहतात. शाळेत गणित शिकवायच्या, वय 78. नात जर्मनीत शिकते, दर रविवारी तिचा मेल येतो. व्हिडिओ कॉल होतोच, पण माईंना लिहिलेलं हवं असतं. अक्षर मोठं करून त्या एकेक मेल दोनदा वाचतात. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मेल यायचे थांबले. आठवडाभर वाट पाहून माई जवळच्या एका मोबाइलच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलानं दोन मिनिटं फोन चाळला आणि म्हणाला, ‘आजी, रीसेट मारावा लागेल.’ मारला. फोन कोरा झाला. मेल तरीही येईनात.

संध्याकाळी माई माझ्याकडे आल्या. फोन त्या खणाच्या बटव्यात ठेवतात. बटव्याची नाडी काही केल्या सुटेना, इतका हात थरथरत होता. मी फोन बाजूला ठेवला आणि लॅपटॉपवर त्यांचं जीमेल उघडलं. वरच सूचना होती, जागा संपली आहे. फुकट मिळणारे 15 जीबी एकट्या मेलचे नसतात. ड्राइव्ह आणि फोटो त्याच कोठीत असतात, आणि 2024 पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. माईंच्या बॅकअपमध्ये काय निघालं? सुप्रभात! गुलाबावर दव, मागे सनई, वर सुविचार. असे शेकडो व्हिडिओ. (हशा.) हसताय, पण या सभागृहातल्या निम्म्या फोनांत तेच असणार. कोठी भरली की जीमेल नवा मेल आत घेत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. नातीची पत्रं सुप्रभातनं अडवली होती.

नातीकडे दर वेळी ‘मेलर डीमन’ या नावानं एक निरोप परत जात होता. तिला तो स्पॅम वाटला. आपली पिढी ते वाचल्याशिवाय राहिली नसती. पोस्टमन परत आलेलं पाकीट द्यायचा, त्यावर शेरा असायचा, ‘घर बंद’, ‘पत्ता अपुरा’. हा तसाच शेरा आहे. त्यातला तीन आकडी कोड 5 नं सुरू झाला तर पत्र साफ नाकारलंय. 4 नं झाला तर अडचण तात्पुरती, सर्व्हर, म्हणजे मेल साठवणारं नि पोचवणारं दूरचं यंत्र, पुन्हा प्रयत्न करतो.

पत्त्यावरून आठवलं. पिनकोडची कल्पना आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची, 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला. केवढा मोठा संस्कृतचा माणूस! त्याच्या एक वर्ष आधी, 1971 मध्ये, अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी ईमेलच्या पत्त्यात अ‍ॅटचं चिन्ह घातलं. डावीकडे माणूस, उजवीकडे तो ज्या यंत्रावर सापडेल ते यंत्र. पेठेतला पोस्टमन चुकलेल्या पत्त्याचं पत्रही नावावरून ओळखून आणून द्यायचा. ईमेलला तसा ओळखीचा पोस्टमन नाही. एक अक्षर चुकलं की पत्र गेलं.

पण माईंचं खरं नुकसान वेगळंच झालं. त्यांचं एक जुनं खातंही फोनमध्ये होतं, पॉप पद्धतीचं. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात, फोनमध्ये त्यांची प्रत दिसते. पॉपमध्ये फोन ती उतरवून घेतो, आणि तसं सेटिंग असेल तर सर्व्हरवरून पुसतो. माईंच्या फोनात तसंच होतं. माईंचे यजमान, आमचे काका, मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहिले होते, तेव्हा रोज माईंना लिहायचे. पुढच्याच वर्षी ते गेले. ती सगळी पत्रं फक्त त्या फोनमध्ये होती. मी नाना खटपटी केल्या, सर्व्हरवर एकही पत्र उरलं नव्हतं. माई काही बोलल्या नाहीत, बटव्याची नाडी बांधत बसल्या. त्या मुलाच्या मनात वाईट नव्हतं. पण ‘आजी, तुमचे मेल कुठे साठतात?’ एवढं त्यानं विचारायलाच हवं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, तेच खातं दुसऱ्या यंत्रावर ब्राउझरमध्ये उघडा. ही तुमची डीपी. तिथे मेल दिसतोय आणि फोनवर नाही, तर बिघाड फोनच्या बाजूला. सिंक, म्हणजे सर्व्हरवरचे मेल फोनवर आपोआप आणणं, चालू आहे का, बॅटरी सेव्हर किंवा डेटा सेव्हर अ‍ॅपला झोपवतोय का, ते पाहा. तारीख-वेळ आपोआप लागू द्या. ती चुकली तर सर्व्हरचं प्रमाणपत्र फोनला मुदतबाह्य वाटतं आणि जोडणी होत नाही. कॅशे, म्हणजे अ‍ॅपनं साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, पुसली तर चालेल, अ‍ॅपचा डेटा पुसू नका.

ब्राउझरमध्येही नाही? मग स्पॅम पाहा, जीमेल तो 30 दिवसांनी रिकामा करतं. मग जागा पाहा, मग फिल्टर, म्हणजे मेल आपोआप बाजूला टाकणारे नियम.

येतात पण जात नाहीत? जायचा रस्ता वेगळा आहे, त्याला एसएमटीपी म्हणतात. सेटिंगमध्ये पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, पाहा: आयमॅपनं येताना 993, जाताना 465 किंवा 587. आउटबॉक्समध्ये जड मेल अडकलाय का बघा. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, आणि जोडलेली फाइल वाटेत साधारण एकतृतीयांशानं फुगते.

पासवर्ड बरोबर असून नाकारतोय? गूगलनं 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांवर नुसत्या पासवर्डनं शिरणारी जुनी अ‍ॅप्स बंद करायला घेतली. गूगलच्या पानावरून साइन-इन करा, नाहीतर टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू करून त्या अ‍ॅपपुरता वेगळा 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्या.

खातं काढून परत घालणं सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी सेटिंगमध्ये पॉप लिहिलंय की आयमॅप ते वाचा. पॉप असेल तर हात लावू नका, आधी मला फोन करा.

माईंच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले, जागा झाली, नातीनं परत गेलेली पत्रं पुन्हा पाठवली. मी चहाच्या टेबलाशी थांबतोय. फोन घेऊन या, चष्मा आणा. पासवर्ड मात्र तुमचा तुम्हीच टाकायचा, मला सांगायचा नाही.