सरासरीत न दिसणारा अर्ज

नमस्कार श्रोतेहो.

निवृत्तिवेतन, आजारपणाचा भत्ता, कमावता माणूस गेल्यावर कुटुंबाला मिळणारं वेतन. हे कामकाज पाहणाऱ्या कार्यालयात सेवा सुधारायची म्हटलं की आधी भिंतीला रंग लागतो, मग नवं अ‍ॅप येतं. येऊ द्या. पण अर्जदाराचे दिवस नेमके कुठे जातात, ते रंगाखाली दिसत नाही.

साधं गणित घ्या. दहा अर्ज आले. नऊ प्रत्येकी १० दिवसांत सुटले, दहाव्याला २१० दिवस लागले. सरासरी निघते ३० दिवस. उद्दिष्टही ३० दिवसांचंच असेल, तर अहवालात सगळं आलबेल! त्याहून गंमत म्हणजे, दहावा अर्ज अजून पडूनच असेल तर तो सरासरीत येतच नाही, कारण सरासरी फक्त निकाली अर्जांची काढतात. आकडा थेट १० वर येतो. म्हणजे जुनं प्रकरण न सोडवणंच टेबलाच्या फायद्याचं. म्हणून दर आठवड्याला प्रलंबित अर्जांची यादी वयानुसार लावायची, सर्वांत जुना सर्वांत वर, आणि वरच्या प्रत्येक अर्जापुढे तो कुणाकडे व कशासाठी अडला आहे ते लिहायचं.

दुसरी पळवाट त्रुटीपत्राची, म्हणजे अर्जात काय कमी आहे ते कळवणाऱ्या पत्राची. त्रुटी काढली की मुदतीचं घड्याळ थांबतं. मग मुदत संपत आली की नेमकी त्रुटी सापडते. आवक शिक्क्यापासून अर्जदाराला लागलेले एकूण दिवस वेगळे मोजले की हे उघडं पडतं. शिवाय तीन टेबलं तीन वेगवेगळ्या त्रुटी काढतात, माणसाला तीन हेलपाटे. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात. दुसरं पत्र काढायचं तर वरिष्ठांची सही लागावी.

बऱ्याच त्रुटी खिडकीवरच मिटतात. अर्जावर पूर्ण नाव, बँकेत नुसती आद्याक्षरं. माणूस समोर उभा असताना दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले की दोन मिनिटांचं काम. तेव्हा निसटलं तर बँक पैसे परत पाठवते. परत आलेल्या रकमांची यादी जाते लेखा शाखेत. खिडकीवरचा कर्मचारी मात्र ‘पैसे पाठवलेत’ हेच सांगत राहतो, आणि त्याच्या पडद्यावर ते खरंही असतं! ही यादी रोज खिडकीवर पोचायला हवी.

हयातीची पडताळणी झाली नाही म्हणून वेतन थांबवायचं असेल, तर आधी कळवा. उतारवयात बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते घेत नाही; अशा वेळी चेहरा, कागद किंवा घरभेट, काहीतरी पर्याय हवाच.

आता निर्णयाचं पत्र. ‘अमुक नियमान्वये अमान्य’ यातून कुणाला काय कळणार? पहिल्या ओळीत मंजूर की नामंजूर. मग रक्कम, कोणत्या तारखेपासून, किती महिन्यांची वर्गणी धरली, आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत. अपील ही कार्यालयाची मेहरबानी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारात तो हक्क आहे, आणि २०१२ ची २०२ क्रमांकाची शिफारस सांगते की तक्रार-अपिलाची वाट सोपी, जलद आणि अर्जदाराला विनाशुल्क असावी.

अपिलात निर्णय फिरला की कागद बहुधा थेट अभिलेखागारात जातात, आणि मूळ टेबलावर तीच चूक चालू राहते. फिरलेला प्रत्येक निर्णय कारणासकट त्याच टेबलावर परत यायला हवा, त्याच महिन्यात.