साडेतीनशे माणसांचे बेट स्वतंत्र गाव झाले, तेव्हा

नमस्कार मंडळी. ‘आमची वाडी तोडून स्वतंत्र ग्रामपंचायत द्या’ ही मागणी मराठवाड्यातल्या गट ग्रामपंचायतींना नवी नाही. ती मान्य झाल्यानंतर काय होते, हे समजून घेण्यासाठी आज आपण अमेरिकेच्या मेन राज्यातल्या शबीग या बेटाकडे पाहणार आहोत.

शबीग पूर्वी किनाऱ्यावरच्या कंबरलंड या गावाचा भाग होते. बेटावरच्या प्राथमिक शाळेचे वरचे वर्ग किनाऱ्यावर हलवण्याचा विचार सुरू झाला आणि लोक बिथरले, कारण शाळा आटली की लेकुरवाळी कुटुंबे बेट सोडणार आणि मागे उन्हाळ्यापुरती उघडणारी घरे तेवढी उरणार, हे त्यांना दिसत होते. राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी मिळून १ जुलै २००७ रोजी शबीग स्वतंत्र झाले. २०१० च्या जनगणनेत तिथे ३४१ माणसे होती.

खरी कसोटी हिशेबाची होती. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार ग्रामपंचायतीच्या माथी नसतो आणि वित्त आयोगाचा निधी वरून येतो, त्यामुळे घरपट्टी थकली तरी पंचायत कशीबशी तग धरते. मेनमध्ये मात्र शाळा, रस्ते आणि अग्निशमन यांचा बराचसा भार गावाच्या मालमत्ता करावर असतो. बेटावर शाळा पाचवीपर्यंतच असल्याने पुढची मुले बोटीने पलीकडे जातात आणि त्यांच्या शिक्षणाचे शुल्क गावाला भरावे लागते. त्यातही उन्हाळी घरांचे मालक कर भरतात, पण त्यांचे मतदान बहुधा दुसरीकडे असते, म्हणजे पैसा एकाचा आणि वार्षिक सभेत अंदाजपत्रकावर हात वर करणारा दुसराच. (ही तक्रार पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या गावकऱ्यांच्या तोंडीही शोभेल.) कराच्या फेरआकारणीवरून चिडलेले शेजारचे लाँग आयलंड तर १९९३ मध्येच पोर्टलंड शहरातून बाहेर पडले होते.

आता बोटीचे पाहा. शबीगहून सुटलेली बोट सुमारे पंधरा मिनिटांत कझिन्स बेटाच्या धक्क्याला लागते. ते बेट पुलाने किनाऱ्याला जोडलेले असले, तरी ते यार्मथ या तिसऱ्याच गावाच्या हद्दीत येते. आणि गाड्या लावण्याचा तळ कंबरलंडमध्ये असल्याने तिथून धक्क्यापर्यंत बसने जावे लागते. किराण्याची पिशवी घेऊन घरी निघालेला माणूस अशा दोन गावांच्या हद्दीतून जातो, ज्यांच्या कारभारात त्याला मत नाही. माझ्या मते स्वतंत्र होण्यातली सर्वांत अवघड बाब हीच आहे: हद्द आखता येते, पण गरजा हद्दीबाहेरच राहतात.

म्हणून विभाजनाचा ठराव ग्रामसभेत मांडण्यापूर्वी नमुना ८ मधून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतून, आपल्या वाडीची कर आकारणी वेगळी काढावी, प्रत्यक्ष वसुली किती होते ते तिच्यापुढे लिहावे, आणि नळयोजनेची विहीर, टाकी व स्मशानभूमीची वाट कोणाच्या शिवारात जाते हे नकाशावर आधीच तपासून घ्यावे. विहीर मूळ गावाच्या हद्दीत राहणार असेल, तर पाण्याचा आणि पंपाच्या वीजबिलाचा लेखी करार विभाजनाच्या आधी व्हायला हवा, कारण वेगळे झाल्यावर तो करण्याची घाई फक्त वाडीलाच असते.