सुटला की सोडला

मागच्यांना स्क्रीन दिसतोय का? नाही ना, मग या की पुढे, खुर्च्या रिकाम्याच आहेत, कारण मला जे दाखवायचंय ते एवढ्याशा जागेत आहे.

हे कामीय क्लोदेल या फ्रेंच शिल्पकार बाईचं ब्राँझचं शिल्प. नाव 'लाज म्यूर', आपल्या लाजेशी काही संबंध नाही हं, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ प्रौढ वय. पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे, उंची ११४ सेंटीमीटर आणि लांबी १६३, म्हणजे उभं कमी, आडवं जास्त, आणि त्या आडव्यातच सगळी गंमत आहे. उजवीकडे गुडघ्यांवर बसलेली एक पोरगी, दोन्ही हात पुढे. डावीकडे एक म्हातारी एका उतारवयाच्या पुरुषाला धरून घेऊन चाललीय, तिच्या मागे कापड असं फुगलंय की शिडात वारं भरलंय वाटावं, आणि तो, ओढला जातोय की आपणहून चाललाय काही कळत नाही, फक्त त्याचा एक हात मागे राहिलाय.

आता गॉसिप सगळ्यांना पाठ आहे. पोरगी म्हणजे कामीय, पुरुष म्हणजे शिल्पकार रोदँ, तिचा गुरू आणि प्रियकर, म्हातारी म्हणजे त्याची आयुष्यभराची जोडीदारीण. कामीयच्या भावानंच, कवी पोल क्लोदेलनं, ही पोरगी म्हणजे माझी बहीण असं लिहून ठेवलंय, त्यामुळे वाद घालायची पण सोय नाही. त्यात १९१३ मध्ये वडील गेले आणि आठवड्याभरातच घरच्यांनी हिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, अशा इस्पितळांतच तीस वर्षं काढून १९४३ ला गेली, म्हटल्यावर लोक शिल्प बघतच नाहीत, तिची कहाणीच बघतात. मला खरं सांगायचं तर याचा कंटाळा आलाय.

बोटं बघा. पोरीची बोटं आणि त्याचा हात, मध्ये फट आहे. ही फट आधी नव्हती! ब्राँझ ओतण्याआधी प्लास्टरमध्ये जे पहिलं रूप केलं, त्यात तिनं त्याचा हात धरलेला आहे, छातीशी ओढून. दुसऱ्या वेळी तिनं दोघांना लांब केलं. १८९३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की या तिघांच्या ग्रुपमध्ये एक झुकलेलं झाड घालणारे, नियती दाखवायला. झाड काही आलं नाही. माझ्या मते ते काम या फटीनं केलं, आणि झाडापेक्षा बरं केलं, झाड असतं तर जरा नाटकच झालं असतं.

आणि हे ब्राँझ आहे म्हणून जमतं. दगडात असे हात हवेत काढले तर मोडायची भीती, कुठेतरी टेकू ठेवावा लागतो, आणि टेकू आला की फट गेली. ब्राँझ आतून पोकळ, ताण सहन करणारं, शिवाय हा ग्रुप तीन भागांत आहे, पोरगी वेगळी.

ते ओतायलाच किती वर्षं गेली बघा. १८९५ मध्ये सरकारनं प्लास्टरची ऑर्डर दिली, ब्राँझची मात्र कधीच दिली नाही, १८९९ मध्ये प्रकरण बंद. शेवटी तिस्ये नावाच्या एका लष्करी कॅप्टननं आधी फक्त पोरगी ब्राँझमध्ये करून घेतली आणि मग अख्खा ग्रुप, तो १९०२ मध्ये तिएबो यांच्या भट्टीत ओतला गेला. सरकारला नको ते एका कॅप्टनला हवं होतं, बघा!

पुढे अजेन ब्लो या डीलरनं पोरगीच वेगळी, छोट्या साइजमध्ये काढून विकली, नाव 'लॅम्प्लोरांत', म्हणजे विनवणी करणारी. ही पुढची स्लाइड. तीच पोरगी, तेच हात, पण समोर कोणीच नाही. आता ती नुसती मागतेय. मघाशी मात्र प्रश्न वेगळा होता, हात सुटला की सोडला, आणि सोडला तर कोणी? परत मागची स्लाइड लावा जरा, आणि त्याच्या बोटांकडे बघा, ती ताणलेली आहेत का ढिली?