वळणावर उचलणारं चाक

(गो-कार्ट बांधायला घेतलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. समोर बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलंमुली आहेत, काही डिप्लोमाची आहेत, आणि मागच्या रांगेत दोन-तीन पालकही दिसतायत. पालक आले याचं मला विशेष बरं वाटलं. पुढचे काही महिने तुमची मुलं रात्री उशिरा घरी येणार आहेत, हाताला ग्रीस आणि शर्टाला ग्राइंडरच्या ठिणग्यांची भोकं घेऊन. ती नेमकं काय करतायत हे घरात माहीत असलेलं चांगलं.

गो-कार्टला, म्हणजे शर्यतीच्या या छोट्या उघड्या गाडीला, सस्पेन्शन (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा) नसतं आणि डिफरन्शियलही (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी रचना) नसतं. हे वाक्य तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. या दोन गोष्टी नसल्यामुळे बाकीच्या प्रत्येक भागावर काय जबाबदारी येऊन पडते, तिथपर्यंत मात्र स्पर्धेत उतरणारे फार थोडे संघ पोचतात. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

थोडा मागचा संदर्भ देतो. १९५६ साली दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बांधली. ते कर्टिस क्राफ्ट या रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत होते. लू बोरेली या मित्राला हाताशी धरून त्यांनी नळ्यांची एक चौकट जोडली, तिला चार लहान चाकं लावली आणि गवत कापायच्या यंत्राचं अडीच अश्वशक्तीचं वेस्ट बेंड इंजिन मागं बसवलं. पॅसाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ही गाडी पळू लागली तेव्हा लोक थांबून बघत. पुढं सेना, शूमाकर, हॅमिल्टन हे फॉर्म्युला वनचे सगळे विश्वविजेते लहानपणी कार्टमध्येच घडले. आपल्या कोल्हापुरातही मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीवरच्या कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तेव्हापासून इंजिनं बदलली, टायर बदलले, पण आजही शर्यतीच्या कार्टचा मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, अखंडच असतो.

आता या ॲक्सलकडे या. दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. एक फिरलं की दुसरं तेवढंच फिरणार. सरळ रस्त्यावर याचा काही त्रास नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. किती कमी? मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.१ मीटर धरा. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे १.७३ मीटर जास्त चालतं. वळण लहान असो नाहीतर मोठं, हा फरक तेवढाच राहतो. वहीत करून बघा, त्रिज्या गणितातून निघूनच जाते. आता दोन्ही चाकं तर सारखीच फिरणार. मग हे पावणेदोन मीटर जायचे कुठं? दोहोंपैकी एक चाक रस्त्यावर घासत जाणार. दोन्ही टायर जमिनीला चिकटून असतील तर गाडी वळायलाच तयार नसते. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळ पुढं जातं, इंजिनाचा जीव जातो आणि ड्रायव्हरचे खांदे भरून येतात.

यावरचा उपाय मला आजही सुंदर वाटतो: आतलं मागचं चाक वळणावर क्षणभर उचलायचं. कुठलाही जॅक नाही, मोटर नाही. पुढच्या चाकाचा किंगपिन, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्याभोवती वळतं तो खिळा, मागं झुकवलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात, आणि चाक किंगपिनपासून थोडं बाहेर बसवलेलं असतं. त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर येतं. चौकटीचा आतला पुढचा कोपरा उचलला जातो. वजन तिरकं सरकतं, आतल्या पुढच्या चाकावर आणि बाहेरच्या मागच्या चाकावर. आतलं मागचं हलकं होतं आणि जमीन सोडतं. वळण संपलं की परत टेकतं. कार्टच्या पुढच्या बाजूची सगळी भूमिती या एका क्षणासाठी आहे.

पण हे घडायला चौकटीला पीळ घेता आला पाहिजे. किती पीळ घ्यायचा आणि कधी परत यायचं, हे चौकटच ठरवते. सस्पेन्शनसाठी वेगळी स्प्रिंग नाही. तुम्ही वेल्डिंग केलेल्या नळ्या हीच स्प्रिंग. इथंच आपले संघ चुकतात. संगणकावर आघाताचं विश्लेषण लावतात, पडद्यावर एखादा सांधा लाल, म्हणजे जास्त ताणाखाली, दिसतो, की तिथं एक तिरपी नळी टाकतात. दुसरीकडे लाल दिसलं की दुसरी. होता होता चौकट एखाद्या पुलासारखी ताठ होते. अहवालात आकडे छान येतात आणि ट्रॅकवर गाडी वळत नाही. पुढून टक्कर झाली तर ड्रायव्हरच्या पायांना इजा होता कामा नये, ही ताकद द्यायलाच हवी. तिथं काटकसर नको. पण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधला जो भाग पीळ घेतो, त्यात नळी वाढवण्याआधी दहादा विचार करा.

पोलादाबद्दलही एक गैरसमज इथंच सोडवून टाकू. मला मुलं सांगतात, सर, आम्ही ४१३० जातीचं पोलाद घेतलं, त्यामुळे चौकट ताठ झाली. तसं होत नाही. ४१३० मध्ये साधारण एक टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम असतं, त्यानं ताकद वाढते, म्हणजे कायमचं वाकायला जास्त भार लागतो. ताठरता मात्र साध्या पोलादाची आणि या पोलादाची जवळजवळ सारखीच, २०० गिगापास्कलच्या आसपास. ताठरता बदलायची असेल तर नळीचा व्यास बदला. २ मिमी जाडीची ३० मिमीची नळी सोडून त्याच जाडीची ३२ मिमीची घेतलीत, तर पिळाविरुद्धची ताठरता साधारण २३ टक्क्यांनी वाढते. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसतही नाही. दुकानात गेलात की सीमलेस (बिनजोडाची) नळी मागा, आणि हातात घेऊन मापाचा कॅलिपर लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता माझ्या विद्यार्थिदशेतली गोष्ट. आमची चौकट कागदावर चांगली होती. वेल्डिंग मात्र आम्ही एका दमात करून टाकलं, एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत. चौकट जिगवरून, म्हणजे नळ्या जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यावरून, सोडली आणि सपाट टेबलावर ठेवली, तर एक कोपरा अधांतरी. वेल्डिंगचा रस गार होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. डोळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आम्ही ती उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, एका मेस्त्रींकडे नेली. त्यांनी चौकट उलटसुलट बघितली, मग टेप काढला आणि दोन्ही कर्णांची मापं घेतली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा तीन सूत जास्त भरला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तेव्हा आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मग त्यांनी मागच्या ॲक्सलच्या बेअरिंगच्या जागेपासून पुढच्या किंगपिनपर्यंत दोरी धरली, गुण्या लावला आणि म्हणाले, "पोरांनो, ह्यो ॲक्सल तिरका बसणार. तिरका ॲक्सल चेन खाणार बघा." चौकट कापायची आमची तयारी नव्हती, दिवसही उरले नव्हते. आम्ही तशीच नेली. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत चेन तीनदा उतरली आणि चौथ्यांदा तुटली.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच मेस्त्रींच्या शेडमध्ये बसून काम केलं. आधी सगळ्या सांध्यांना फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारायचे. नळीचं तोंड माशाच्या तोंडासारखं घासून दुसऱ्या नळीवर असं बसवायचं, की मधून उजेड दिसता कामा नये. फट असली की वेल्डिंगचा रस जास्त लागतो, आणि रस जास्त की ओढही जास्त. टॅक झाल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. मग आर्गॉन वेल्डिंग, एक सांधा डावीकडचा, एक उजवीकडचा, एक पुढचा, एक मागचा. दर चार सांध्यांनंतर गार होऊ द्यायचं आणि पुन्हा कर्ण मोजायचे. दोन रात्री गेल्या. फरक अर्ध्या सुताच्या आत राहिला. म्हणून मी म्हणतो, कार्टची चौकट मऊ चालेल, वाकडी चालणार नाही. मऊपणा तुम्ही ठरवून दिलेला असतो, वाकडेपणा तुमच्या नकळत आलेला असतो.

ब्रेकची गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण स्पर्धेतल्या ब्रेक टेस्टमध्ये नापास झालेली गाडी ट्रॅकवर उतरतच नाही. वर्षभराची मेहनत तिथंच थांबते. मागचा ॲक्सल अखंड असल्यामुळे एकाच डिस्कनं दोन्ही चाकं थांबतात, हा कार्टचा फायदा. बहुतेक संघ मोटरसायकलची डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेकचा कॅलिपर वापरतात. मोटरसायकलवर तो कॅलिपर एका ठरावीक स्थितीत असतो. आपण जागा नाही म्हणून तो फिरवून ॲक्सलच्या खाली बसवतो, आणि हवा काढायचा निपल जातो खाली. तेलात अडकलेली हवा वर जाणार, निपल आहे तळाला. तुम्ही रात्रभर पेडल पंप करा, बाटलीभर तेल ओता, हवा निघणार नाही. पेडल स्पंजासारखं दबतं आणि चाकं लॉक होत नाहीत. एका संघातली मुलगी मला रात्री अकराला फोन करून रडकुंडीला येऊन हेच सांगत होती. मी तिला म्हटलं, कॅलिपर ब्रॅकेटवरून खोल, होज तसाच राहू दे, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची पट्टी घाल, कॅलिपर निपल वर येईल असा हातात धर आणि आता हवा काढ. वीस मिनिटांनी तिचा परत फोन आला, पेडल दगडासारखं झालं होतं. सकाळी गाडी ब्रेक टेस्टला गेली, मागची दोन्ही चाकं लॉक झाली, गाडी सरळ रेषेत थांबली.

स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचं, थोडक्यात. तुमच्या मागच्या टायरचा व्यास ११ इंच, मोटरसायकलच्या चाकाच्या निम्म्याहून कमी. ताशी ६० किलोमीटरला हा ॲक्सल मिनिटाला सुमारे ११४० फेरे घेतो. मोटरसायकलचं मागचं स्प्रॉकेट जसंच्या तसं लावलंत तर गाडी सुटताना उसळेल आणि सरळ रस्त्यावर इंजिन ओरडत राहील. ट्रॅक किती लांब, सरळ पट्टे किती, ते बघून दात ठरवा आणि दोन वेगवेगळी स्प्रॉकेटं बरोबर न्या.

आणि ड्रायव्हर. गाडी आणि माणूस मिळून १७५ किलो धरलं, तर त्यातले ६५ किलो माणूस आहे. कार्टमधला सगळ्यात जड सुटा भाग तोच. तरी सीट शेवटच्या रात्री, उरलेल्या जागेत बसवली जाते. ती आधी बसवा. सीट दोन बोटं मागं-पुढं सरकवली तरी वळणावरचं वागणं बदलतं.

आता प्रश्नोत्तरं बाहेरच घेऊ. पोर्चमध्ये आमची जुनी कार्ट आणून ठेवली आहे. तुमच्यातला कुणीतरी सीटवर बसा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून धरा. दुसऱ्यानं एक वहीचं पान घ्यायचं आणि डाव्या मागच्या टायरखालून सरकवून बघायचं.