घड्याळ थांबवायचं, पण कुठल्या वेळेवर?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी इथे अमेरिकेत उन्हाळी वेळ संपली आणि आपण घड्याळं तासभर मागे घेतली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुन्हा पुढे करू. हे बंद व्हावं असं इथल्या बहुतेकांना वाटतं, मलाही वाटतं. पण बंद करून कुठली वेळ ठेवायची, यावर आपण फारसं बोलत नाही.

मला हिवाळ्यातलीच, म्हणजे प्रमाणवेळ कायम हवी. मार्च २०२२ मध्ये सिनेटने उन्हाळी वेळ बारमाही करायचं विधेयक एकमताने संमत केलं. संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, ते अडकलं, आणि माझ्या मते ते बरंच झालं. आपलं मिशिगनमधलं डेट्रॉइट ईस्टर्न वेळेच्या पट्ट्यात बरंच पश्चिमेला आहे. जानेवारीच्या सुरुवातीला इथे सूर्य उगवायला आत्ताच आठ वाजतात. उन्हाळी वेळ कायम झाली तर नऊ वाजतील, आणि आपली मुलं काळोखात, बर्फात स्कूलबसची वाट बघत उभी राहतील. तेलटंचाईच्या काळात, ६ जानेवारी १९७४ पासून, देशाने हा प्रयोग करून पाहिला आहे. अंधारात शाळेला निघालेल्या मुलांचे अपघात झाले, पालक खवळले. एप्रिल १९७५ पर्यंत ठरवलेला प्रयोग १९७४ च्या ऑक्टोबरातच आवरता घ्यावा लागला.

झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या इथल्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटनाही कायम प्रमाणवेळेच्याच बाजूने आहे. सकाळचा उजेड शरीराला जाग आणतो, हे त्यामागचं साधं कारण.

यात गमावण्यासारखंही आहे, ते लपवत नाही. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत चालणारं आपलं क्रिकेट आठला संपेल. मला ते चालेल.

आणि घरचा फोन! भारताशी साडेनऊ तासांचं अंतर आता साडेदहा झालं. आपण रात्री नऊला फोन लावतो, तिकडे आईचे साडेसहाचे साडेसात होतात. पूजा, दूधवाला, फिरायला जाणं, सगळ्याच्या मध्ये आपण येतो. थकलेल्या माणसांनी वर्षातून दोनदा आपल्यासाठी दिनक्रम का बदलावा?

सूर्याला धरून राहण्याचा आग्रह आपल्याला नवा नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ पुढे जवळजवळ पन्नास वर्षं जपली.

१९६६ च्या कायद्यानुसार कुठलंही राज्य वॉशिंग्टनला न विचारता वर्षभर प्रमाणवेळ पाळू शकतं. हवाई पाळतं, ॲरिझोनाचा बहुतेक भागही पाळतो. म्हणजे मिशिगनचा निर्णय राज्याच्या राजधानीत, लान्सिंगमध्ये होऊ शकतो. आपापल्या आमदाराला पत्र लिहा, आणि त्यात नुसतं ‘बदल थांबवा’ असं न म्हणता ‘प्रमाणवेळ ठेवा’ असं स्पष्ट लिहा.